ही गोळी घेतली की नेमकं काय येतं? गुंगी, झापड, पेंग का डुलकी?

मेडिकलवाला

नमस्कार मंडळी, इतके दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. अमरावती जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी माझं छोटंसं मेडिकल आहे, बस स्टँडच्या बाजूलाच, त्यामुळे खेड्यापाड्यातून आलेली माणसं डॉक्टरकडून थेट माझ्याकडे नाहीतर डॉक्टरला टाळून थेट माझ्याकडे, असा प्रकार. परवा एक काका आले, नाक गळतंय, शिंकांवर शिंका. सेटिरिझीन काढून दिली आणि रोज पन्नासदा म्हणतो तेच म्हटलं, काका रात्रीच घ्या, गुंगी येते.

काकांनी गोळी काउंटरवर परत ठेवली. म्हणे, "गुंगीची गोळी कायले देऊन रायला बाप्पू? माह्या साडभावाले रेल्वेत कोनंतरी गुंगीचं देल्लं अन् आंगठी काढून नेली."

मी म्हटलं तशी गुंगी नाही हो, डोळ्यावर झापड येते. तर काका एक पाऊल मागं सरले, "झापड? मले कोन झापड मारते?" मागं उभी असलेली पोरगी फिसकन हसली. म्हटलं पेंग येते. "पेंग का ढेप?" आता ते मुद्दाम करून रायले का खरंच ते मला अजून कळलं नाही. शेवटी कंटाळून म्हटलं झोप येते काका, झोप. "झोप त मले तशीई येते, तिच्यासाठी पैसे कायले देऊ?" आणि गेले निघून शिंकत शिंकत.

हसा तुम्ही, पण माझा प्रश्न खरा आहे. स्ट्रिपवर बारीक अक्षरात इंग्रजीत लिहिलेलं असतं की याने सुस्ती येते, गाडी-मशीन चालवू नका. ते कोणी वाचत नाही. माणूस गोळी तोंडात टाकतो, वरून च्या पितो आणि मोटरसायकलला किक मारतो नाहीतर थ्रेशरवर जाऊन उभा राहतो. त्याला सांगायचंय की बेशुद्ध होणार नाहीस, ठार झोपणारही नाहीस, पण ते मधलं जे आहे ते येईल. त्या मधल्याला आपल्याकडे शब्द काय?

वऱ्हाडीठेचा

पयला नंबर!!

त्या मधल्याले आमच्याकडे "ऑफिस" म्हन्तेत 😂

सातारचीलेक

😂 पेंग का ढेप वरून माझं लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवलं. मी साताऱ्याची, दिली यवतमाळ जिल्ह्यात. आमच्याकडे म्हशीला घालतो ती पेंड, इथं ती ढेप, आणि इथं पेंढी म्हणजे कडब्याची नाहीतर तुरीची. एकदा सासरे दुपारी ओसरीवर बाजेवर बसून माना टाकत होते, मी आत जाऊन सासूबाईंना म्हटलं मामंजी पेंगतायत, त्यांना ऐकू आलं पेंड, त्या बाहेर जाऊन म्हणाल्या, "अवो ढेप आनाची रायली काय जी?" ते दचकून उठले आणि खरंच पिशवी घेऊन निघाले. कोणीच काही बोललं नाही, ढेप आली घरात.

पण पेंग हा शब्द इथल्या लोकांना कळत नाही असं नाहीये, सासूबाई स्वतः म्हणतात "पोट्टं पेंगून रायलं, जेऊ घाला त्याले". लहान मुलाला म्हणतात. मोठ्या माणसाला म्हटलं की थोडं हसल्यासारखं होतं बहुतेक.

शब्दवेडा

मूळचा वर्ध्याचा, आता पुण्यात. धागा आवडला म्हणून जरा लांब लिहितो, सहन करा.

शब्दापेक्षा त्याच्यामागचं क्रियापद बघा, सगळी गंमत तिथं आहे. झोप येते, मग लागते, मग मोडते नाहीतर उडते. येणारी झोप आणि लागलेली झोप यांच्यामधे एक दार आहे आणि मेडिकलवाल्यांचा प्रश्न त्या दाराच्या अलीकडचा आहे. पेंग येते आणि माणूस पेंगतो, दोन्ही चालतं. डुलकी मात्र लागते, किंवा घेतात, किंवा काढतात. डुलकी "आली" असं कोणी सहसा म्हणणार नाही, कारण डुलकी म्हणजे झालीच की थोडी झोप, दाराच्या पलीकडं पाय पडला. झापड नुसती येते. झापड कोणी घेत नाही, काढत नाही, झापड आपल्या इच्छेविरुद्ध पापण्यांवर पडते. म्हणून "जरा डुलकी काढतो" म्हणणारा माणूस राजीखुशीने आडवा होतोय आणि "झापड येतेय" म्हणणारा झगडतोय. गोळीमुळे येते ती अर्थातच झापड.

आता तुमची गुंगी. हा शब्द पेपरवाल्यांनी खराब केला. "गुंगीचे औषध देऊन लुटले" इतक्या वेळा छापलं की गुंगी म्हटलं की चोरच आठवतो. नाहीतर भजनात गुंग झाला, कामात गुंग आहे, हे कौतुकाने म्हणतोच की आपण. तंद्रीचंही तेच झालंय, फक्त उलट्या दिशेने. संस्कृतातली तंद्रा म्हणजे सरळ पेंग, सुस्ती. मराठीत आता तंद्री लागली म्हणजे विचारात हरवला, गाण्यात हरवला, त्याच्या डोळ्यांवर झोप असेलच असं नाही. म्हणजे एकाच घरातल्या दोन बहिणी, एक चांगल्या घरी पडली आणि एक पोलीस स्टेशनात.

सुस्ती फारसीतल्या सुस्त वरून. ती जेवणानंतरची. ग्लानी तापातली. असे प्रत्येकीचे आपापले वार ठरलेले आहेत.

वऱ्हाडीठेचा

वामकुक्षी रायली नं भाऊ, पुन्यात रायता अन् वामकुक्षी इसरता?

शब्दवेडा

मुद्दाम सोडली. वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस, जेवून डाव्या कुशीवर पडणं, त्यात पेंगणं नाही, ठरवून पडणं आहे. आणि एक ते चारच्या विनोदाचा मला मनापासून कंटाळा आलाय. मे महिन्यात अकोला, चंद्रपूर, वर्धा, कुठंही बारा ते पाच बाहेर येऊन बघा, अख्ख्या बाजाराला कुलूप आणि रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. आपल्यावर कोणी विनोद करत नाही कारण बाहेर पडून विनोद करायला कोणी जिवंत राहत नाही.

धुऱ्यावरचा

राम राम. मी वावरातला मानूस, मोठं लिहाची सवय नाई पन या धाग्यावर लिवाच लागन.

झापड म्हनजे काय थे पाहाचं असन त घाण्याच्या बैलाले पाहा. आमच्या गावात तेल्याचा घाना व्हता, जवसाचं तेल निघे. बैलाच्या डोयावर बांधे थे झापड. दिवसभर गोल गोल फिरे थो, चक्कर येऊ नये म्हनून बांधतेत असं म्हातारे सांगत. आमी पोट्टे तिथं खेयत असो. त्याचे डोये उघडेच असत झापडाखाली पन दिसे काई नाई. तसंच व्हते आपलं. डोये उघडे, मानूस चालून रायला, हात काम करून रायला, पन दिसून नाई रायलं काई. म्हनून झापड हाच शब्द बरोबर हाये माह्या मतानं. अन् थपडीलेई झापडच म्हन्तो आमी, त्याले काय करता, देल्ली त दोन्हीनंबी मानूस आडवा व्हते.

अजून एक. आमच्याकडे ळ नाई बोलत, य बोलतो. डोया, पोया, केयी. म्हनून "डोया लागला" म्हनजे झोप लागली. आता हेच पाहा, मोठी गडबड हाये यातई. "माहा डोया लागला" म्हनलं त झोपलो. "त्याचा तिच्यावर डोया हाये" म्हनलं त भांडन.

झाडीपट्टीकर

धुऱ्यावरचे भाऊ, आमच्या आजीच्या तोंडी डोया पण नव्हतं जी, डोरा होतं. ळ चा र. "डोरा लागला वाटते गा त्याचा." मी गडचिरोलीकडचा.

झोपेवर बोलायचा खरा हक्क आमचा आहे हे नम्रपणे सांगतो. दिवाळी झाली की आमच्याकडं मंडई म्हणजे जत्रा, मग शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि त्यासोबत रात्रीचं नाटक. झाडीपट्टीची नाटकं रात्री दहाच्या आसपास सुरू होतात म्हणजे बोर्डावर तसं असते, आणि उजाडेपर्यंत चालतात. देसाईगंज म्हणजे वडसा, तिथं कंपन्यांची ऑफिसं, तिथूनच बुकिंग. लोक घरून चादर, बोरा, लेकरं, सगळं घेऊन येतात. थंडी अशी की शेकोटी केल्याशिवाय भागत नाही. आता अशा ठिकाणी झोपेचे किती प्रकार दिसतात सांगू का तुम्हाले, पहिल्या अंकात कोणी झोपत नाही. दुसऱ्यात लेकरं आडवी होतात. तीनच्या सुमारास सगळ्या मांडवाच्या माना वाऱ्यानं धान डोलावं तशा डोलतात, त्याला आम्ही डुलणे म्हणतो, डुलकी त्याच्यातूनच. पण मजा अशी की झाडून सगळ्यांना गोष्ट माहीत असते सकाळी. लावणी लागली की जागे, रडणं लागलं की जागे, मधलं ऐकत ऐकत डुलतात. माझा काका तर पेंगता पेंगता नटाच्या आधी डायलॉग म्हणायचा.

म्हणून माझं मत डुलकीला. डुलकी म्हणजे झोप नाही, अर्धा कान जागा असतो.

शब्दवेडा

वर मी म्हटलं डुलकी दाराच्या पलीकडची आणि तुम्ही म्हणता अलीकडची, मांडवाचं उदाहरण ऐकून मी जरा डळमळलो हे कबूल करतो.

मुक्कामीगाडी

डुलकीबद्दल मी बोलतो. मी एसटीत ड्रायव्हर होतो 26 वर्षं, आता रिटायर. झाडीपट्टीकर साहेब तुमच्या मांडवात डुलकीला अर्धा कान जागा असतो हे मान्य पण स्टेअरिंगवर तो अर्धा कान काही कामाचा नाही. पेपरात रोज वाचता तुम्ही, चालकाला डुलकी लागल्याने. झापड आल्याने असं कधी छापून येतं का? नाही येत. कारण झापड येते तेव्हा गाडी रस्त्यावर असते, डुलकी लागते तेव्हा खाली असते.

आता हिशोब करा. गाडी ताशी 60 ने चालली तरी एका सेकंदात 16-17 मीटर जाते. डुलकी तीन सेकंदाची धरा, 50 मीटर गाडी कोणी चालवलीच नाही. समृद्धीवर कारला 120 ची परवानगी, तिथे तेच तीन सेकंद म्हणजे 100 मीटर. समृद्धी नागपूर ते शिर्डी 11 डिसेंबर 2022 ला सुरू झाला, मी पोराच्या गाडीत गेलो होतो नंतर, मागच्या सीटवर बसून मलाच झापड यायला लागली. सरळ रस्ता, ना गाव ना वळण ना म्हैस आडवी. आमच्या जुन्या रोडवर दर दोन किलोमीटरला खड्डा होता तो शिव्या खात होता पण माणूस जागा ठेवत होता.

रात्रीची गाडी घेऊन जायचो तेव्हा रात्री बाराला कधी त्रास नाही झाला. गाठते ती पहाटे 3 ते 5 मधे. आणि दुपारी जेवून दोन-तीनच्या दरम्यान. तंबाखू, चहा, खिडकी उघडी, तोंडावर पाणी, मोठ्यानं गाणं, कंडक्टरला बोलतं ठेवणं, सगळं करून पाहिलं आहे. दहा मिनिटं टिकतं. खरा उपाय एकच, गाडी बाजूला घेऊन पंधरा-वीस मिनिटं झोपणे, आणि नवीन पोरांना मी हेच सांगायचो की डुलकी लागायच्या आत डुलकी घ्या. लागणे आणि घेणे वेगळं हे वर कोणी तरी लिहिलंय, ते एकदम खरं आहे.

मेडिकलवाला

मुक्कामीगाडी काका, चहाचं तुम्ही म्हटलं ते माझ्या कामाचं आहे म्हणून थोडं आत शिरतो. आपण जागे असतो तेवढा वेळ मेंदूत अडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं, ते जितकं साठेल तितकी झोप दाटते. चहा-कॉफीतलं कॅफिन त्या अडेनोसिनच्या बसायच्या जागेवर जाऊन बसतं, बसमधे रुमाल टाकून सीट धरतात तसं. पण अडेनोसिन उतरत नाही गाडीतून, उभंच राहतं, अजून चढत राहतं. रुमाल उचलला की सगळे एकदम बसतात. म्हणून चहाचा असर गेल्यावर झापड दुप्पट वाटते.

आणि सर्दीच्या गोळीचं वेगळं आहे. शिंका, नाक गळणं, खाज, हे करणारं हिस्टामिन, तेच हिस्टामिन मेंदूत जागं ठेवायचं काम करतं. गोळी नाकातल्या हिस्टामिनला अडवायला जाते आणि थोडी मेंदूतही शिरते. जुन्या गोळ्या, क्लोरफेनिरामिन वगैरे, जास्त शिरतात म्हणून जास्त पेंग, सेटिरिझीन कमी, पण काही लोकांना चांगलीच लागते. दारूसोबत तर विचारूच नका.

वऱ्हाडीठेचा

म्हनजे सर्दी बंद कराले गेले अन् जागल्याच झोपवला

मेडिकलवाला

ठेचा भाऊ, हे वाक्य मी दुकानात वापरणार आहे, रॉयल्टी मागू नका.

आशाताई

मी खेड्यात आरोग्याचं काम करते. हसून झालं असेल तर एक गंभीर लिहिते.

गुंगी हा शब्द कृपा करून सर्दीच्या गोळीवर खर्च करू नका. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात 2017 ला कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली, तेव्हापासून दर वर्षी ऑगस्ट सप्टेंबर आला की आम्ही घरोघरी सांगतो, फवारणीहून आल्यावर गुंगी आली, डोळ्यापुढं धूसर दिसलं, तोंडाला लाळ सुटली, घाम फुटला, उलटी झाली तर झोपू देऊ नका, दवाखान्यात न्या, सोबत औषधाचा डबा न्या. पण घरचे काय म्हणतात माहीत आहे? "थकून आला, झापड येऊन रायली त्याले, झोपू द्या घडीभर." कपडे तेच, आंगाला औषध तसंच, आणि माणूस बाजेवर. झापड म्हटलं की घरात कोणी घाबरत नाही. गुंगी म्हटलं की उठतात. म्हणून मला गुंगी हा शब्द भीतीदायकच राहू द्यायचाय. तुमचे काका घाबरले ते बरोबरच घाबरले.

धुऱ्यावरचा

ताई तुमी बरोबर बोलल्या. आमच्या शेजारच्या वावरात झालं व्हतं असं. वाचला थो. त्याच्या बायकोनं आंग धुतलं आदी अन् मंग ऑटो बोलावला.

शब्दवेडा

आशाताईंनी माझ्या वरच्या पोस्टला चांगलीच चपराक दिली (झापड म्हणत नाही). मी म्हटलं होतं पेपरवाल्यांनी शब्द खराब केला. शब्दाला भीती चिकटलेली असणं हे कधी कधी उपयोगाचं असतं हे डोक्यातच आलं नाही.

टंकनदोष

कोणी शुद्ध मराठी लिहील का इथे? "झापड" नाही, "झांपड" आहे, अनुस्वार पाहिजे. आणि प्रमाण भाषेत याला निद्राळूपणा म्हणतात, एवढा काथ्याकूट कशाला.

सातारचीलेक

काका शिंकत असताना त्यांना म्हणायचं का, "काका, निद्राळूपणा येईल"? तिसरी शिंक येईल ना त्यांना.

शब्दवेडा

अनुस्वार जुन्या लिखाणात दिसतो, पण 1962 च्या लेखनाच्या नियमांनंतर असे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, बापाचं नांव सुद्धा नाव झालं. त्याच्यावर भांडू नका. आणि काथ्याकुटाचं म्हणाल तर समर्थांनी दासबोधाच्या अठराव्या दशकात नववा अख्खा समास निद्रेवर खर्च केलाय आणि त्याला लागूनच दहावा आहे श्रोत्यांच्या अवलक्षणांचा. समोर बसून पेंगणारा माणूस हा जुना विषय आहे.

झाडीपट्टीकर

पेंगणाऱ्या श्रोत्यावरून सांगतो. गावोगावी गुरुदेव सेवा मंडळ आहे, तुकडोजी महाराजांचं, पहाटे सामुदायिक ध्यान आणि संध्याकाळी प्रार्थना. माझी शाळा तशी होती. संध्याकाळची प्रार्थना मस्त, खंजेरी वाजते, झोपायचा प्रश्न नाही. पण पहाटेचं ध्यान, हिवाळा, डोळे मिटून पाठ ताठ करून बसा म्हणतात. डोळे मिटून! दहा वर्षांच्या पोराला पहाटे पाचला! आमचे गुरुजी काही म्हणायचे नाहीत, फक्त ज्याची मान खाली जाईल त्याच्या मागे येऊन उभे राहायचे. पायाचा आवाज नसे. पण ते मागे उभे आहेत हे आपोआप कळायचं आणि मान वर. म्हणूनच म्हणतो डुलकीला अर्धा कान जागा असतो.

वऱ्हाडीठेचा

आमचे गुर्जी मांगं येऊन उभे नाई राहत, डायरेक झापड. मंग झापड जाये झापडीनं 😄

सातारचीलेक

जेवणावर कोणीच कसं बोललं नाही? रोडगे! मला माहेरी माहीतच नव्हता हा प्रकार. महादेवाच्या पायथ्याशी गोवऱ्यांच्या भट्टीत भाजलेले रोडगे, तुपात कुस्करलेले, वांग्याची भाजी, वरण, आणि आग्रह. पहिल्या वर्षी दोन खाल्ले आणि झाडाखाली बसल्या बसल्या गेले. त्यावर जाऊबाई म्हणाल्या "रोडगा चढला तिले." चढला! दारू चढते तसा. हा शब्द तुमच्या यादीत घाला.

बाकी भुलाबाईचं सांगते, महिनाभर मुली घरोघर गाणी म्हणतात आणि कोजागिरीला शेवट. को जागर्ति, कोण जागं आहे. दूध आटेपर्यंत निम्म्या मुली ओसरीवर आडव्या. माझी लेक दर वर्षी म्हणते मी नाही झोपले, मी फक्त डोळे मिटले. म्हणून मला वाटतं ज्याला येते त्याला ती कधीच कळत नाही, शेजारच्याला कळते. मेडिकलवाल्यांनी काकांना नाही, काकूंना सांगावं.

मेडिकलवाला

सातारचीलेक, हा मात्र मुद्दा आहे! संशोधनातलं काही आकडेवारीचं सांगत नाही पण दुकानातला अनुभव हाच. गोळी घेणारा म्हणतो मला काही झालं नाही, आणि सोबतचा म्हणतो हा बोलता बोलता थांबत होता.

धुऱ्यावरचा

जागलीचं सांगू काय मंग. वावरात हरबरा उभा रायला का रातच्यान जागलीले जा लागते. रानडुकरं, रोही म्हनजे नीलगाई. लाइन बी रातचीच देतेत वलिताले. मचानावर बसाचं, टॉर्च, डबा वाजवाचा. पयल्या रात्री मानूस मोठा हुशार रायते. तिसऱ्या रात्री झापड आली का समजतच नाई, बाजूच्या वावरातला आवाज देते "वो भाऊ, हाये काय?" आपन म्हन्तो "हाव, हाये" अन् आपल्याले सकाऊन आठोतच नाई का आपन हाव म्हनलो. रोह्यायचा कळप आर्धा हरबरा खाऊन गेला तरी आपन हावच म्हनून रायलो.

पन चांगली डुलकी बी हाये. कापसाची बंडी, म्हनजे बैलगाडी, घेऊन जाओ आमी केंद्रावर, एकाधिकार खरेदीच्या दिवसात, सरकारच कापूस घेये तवा, रांग अशी का दोन दोन रात्री तिथंच. कापसाच्या गंजीवर झोपाची मजा गादीले नाई. अन् येताना बंडी खाली. माहा बाप धुरकरी, कासरा सैल सोडे अन् बसल्या बसल्या डुले. बैलायले रस्ता मालूम. नाल्यात उतरले का कासरा आपोआप ओढे, डोये न उघडता. घरापुढं बैल थांबे तवा उठे अन् म्हने, "आलं काय घर, मी जागाच व्हतो."

"भुकेले कोंडा अन् निजेले धोंडा" थे खोटं नाई.

मुक्कामीगाडी

बैलगाडी हीच खरी बिनड्रायव्हरची गाडी. आमच्या बसला बैल असते तर मी अजून दहा वर्षं नोकरी केली असती.

टंकनदोष

म्हणजे शेवटी ठरलं काय? शब्द कोणता?

शब्दवेडा

ठरवायचं असेल तर मी माझं मत बदललंय. वर मी झापड म्हटलं होतं. पण आमच्याकडं थप्पड आणि झापड एकच, गुंगी आशाताईंनी राखून ठेवली ते योग्य, पेंग लेकरांची, डुलकी मुक्कामीगाडी काकांनी अपघाताला दिली आणि झाडीपट्टीकरांनी मांडवाला, सुस्ती म्हटलं की वाटतं कामचोर आहे. एकही नाम मोकळं नाही. मग नामाचा हट्ट सोडा. काय होतं ते सांगा. डोळे जड होतात, मान डुलते. याला कोणी पैसे कशाला देऊ म्हणणार नाही.

सातारचीलेक

आणि काकूंसमोर सांगा.

मेडिकलवाला

अपडेट देतो. उशीर झाला, पोळ्याची गर्दी होती.

काका परत आले होते, सर्दी तशीच, आता खोकला पण. काकू नव्हत्या सोबत, नातू होता. मी तुमचं सगळं ध्यानात ठेवून नीट म्हटलं, "काका, हे गोयी घेतली का डोये जड पडतात, मान डुलते. मानूस बेसुद नाई व्हत. पन गोयी घेतल्यावर गाडीवर बसाचं नाई, मशीनवर उभं राहाचं नाई, रातीच घ्या." नातवाला म्हटलं तू ध्यान ठेव रे, आबाची मान डुलली का गाडीची चाबी तुह्याजवळ.

काकांनी गोळी हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली. "असं सांग नं मंग. त्या दिवशी झापड झापड काहून करत होता?"

पैसे दिले, दोन पावलं गेले, परत आले. "अन् बंडीवर बसाचं काय? बंडी चालते काय गोयी घेऊन?"

मी धुऱ्यावरच्या भाऊंना आठवून म्हटलं, बैलायले रस्ता मालूम असन त चालते.

धुऱ्यावरचा

बैलायले सर्दी झाली असन त नोको म्हना.